नारबाची वाडी आणि तिचा खोत

अलिबागहून रेवदंड्याकडे जातांना नागांव आणि चौल येथील नारळी-पोफळींच्या वाड्या लागतात. माड लावणारा म्हातारा तो बहुधा नातवंडांसाठींच लावतो. म्हणून वाडी विकणें ही गोष्ट तेथें नुसत्या पैशाची राहत नाहीं. या भावनेवर आदित्य सरपोतदार यांचा ‘नारबाची वाडी’ (२०१३) हा विनोदी चित्रपट उभा आहे.

कथानक मूळचें बंगालचें. मनोज मित्र यांच्या ‘साजानो बागान’ या नाटकावरून तपन सिंह यांनीं १९८० सालीं ‘बांछारामेर बागान’ हा बोलपट काढला व त्यांतील वृद्धाची भूमिका खुद्द मित्र यांनींच केली. मराठींत बाग कोंकणांत आली आणि जमीनदाराचा खोत झाला. खोत करार करतो : नारबानें हयात असेपर्यंत दरमहा पैसे घ्यावे, मागाहून वाडी खोताची. आणि म्हातारा कांहीं मरत नाहीं!

हें केवळ नाटकांतच घडतें असें नाहीं. फ्रान्समधील आर्ल येथें १९६५ सालीं राफ्रे नांवाच्या वकिलानें नव्वद वर्षांच्या झान काल्मां या बाईंशीं असाच करार केला. दरमहा अडीच हजार फ्रँक, आणि पश्चात् घर त्याचें. वकील १९९५ सालीं वारला. बाई १९९७ सालीं गेल्या, वयाच्या १२२ व्या वर्षीं!

दिलीप प्रभावळकर त्या वेळीं एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यांचा नारबा वांकलेला आहे, पण दीन नाहीं. आजारी आहे कीं लबाड, हें प्रेक्षकाला चटकन उमगत नाहीं, आणि खरें हसूं त्या संशयांतूनच फुटतें. परंतु करार झाल्यावर चित्रपट तीच गंमत पुनःपुन्हां सांगूं लागतो. अशा विनोदाला तराजूचीं दोन्ही पारडीं जड लागतात. वाट पाहणाराच झिजत जावा, त्याचा प्रत्येक हप्ता त्याला बोचावा, तर मौज. येथें मनोज जोशी यांच्यासारखा समर्थ नट असूनही खोत बव्हंशीं हास्यास्पदच राहतो. त्याची धास्ती कोणाला वाटत नाहीं.

आणि खोताची धास्ती या किनाऱ्यानें चांगलीच अनुभवली आहे. अलिबाग तालुक्यांतील चरीच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. शेतें पडीक राहिलीं, घरांत उपासमार झाली, तरी खोतांची जमीन त्यांनीं कसली नाहीं. खोती रद्द करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें; प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलें. त्या खोताची सावली पटकथेंत उतरती, तर नारबाचें प्रत्येक खोकणें ऐकतांना प्रेक्षकाचा श्वास रोखला गेला असता. ती सावली प्रभावळकरांच्या डोळ्यांत मधूनमधून दिसते. समोर उभ्या असलेल्या खोताच्या अंगीं मात्र ती कोठेंच नाहीं.