कोर्ट विचारतं, "हा कागद आतापर्यंत कुठे होता?"



उधारी वसुलीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, पुरावा नंतर सापडला तर कोर्टात देता येतो का?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज जरा निवांत लिहितो.

समजा, तुमची अकोल्याच्या एमआयडीसीत छोटी डाळ मिल आहे. अमरावतीच्या एका ठोक व्यापाऱ्याला वर्षभरात ७ लाख ४० हजारांची तूरडाळ पाठवली. माणूस ओळखीचा, माल शब्दावर दिला. पुढे पैसे थकले. फोन केला की, "देतो ना भाऊ, दोन दिवस थांबा." शेवटी तुम्ही वकील गाठला, बिलं आणि खातेउतारा दिला, दावा लागला. समोरच्यानं उत्तर दिलं, "शेवटच्या दोन गाड्या मले भेटल्याच नाही!"

तुम्ही घरी येऊन कपाट उपसलं आणि त्या दोन गाड्यांची बिल्टी सापडली. त्याची सही-शिक्का असलेली! जीव भांड्यात पडला. पण थांबा. आता कोर्ट विचारणार, दावा लावला तेव्हा हा कागद तुमच्याच कपाटात होता ना? मग तेव्हाच का नाही दिला?

नियम काय आहे?

२०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यानं दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ११ व्यापारी दाव्यांसाठी बदलला. आधी ही कोर्टं १ कोटीच्या वरच्या वादांसाठी होती. २०१८ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा ३ लाखांवर आली. म्हणजे हा विषय आता फक्त मोठ्या कंपन्यांचा राहिला नाही. व्यापारातला आपला ७ लाखांचा वादही त्यात बसतो.

तिथला नियम असा: वादाशी संबंधित जे कागद तुमच्या ताब्यात आहेत, ते सगळे दाव्यासोबतच द्यायचे. आणि "माझ्याकडचं सगळं दिलं आहे" असं शपथेवर सांगायचं. ताब्यात असून न दिलेला कागद नंतर वापरायचा, तर कोर्टाची परवानगी लागते. ती मिळवायला आधी न देण्याचं वाजवी कारण दाखवावं लागतं. "घाईत राहून गेलं" एवढ्यानं भागेल, या भरवशावर राहू नका.

समोरच्यानं नवाच मुद्दा काढला आणि एखादा कागद फक्त त्याच्या उत्तरासाठी लागत असेल, तर तिथं सूट आहे. पण माल पोहोचल्याचा पुरावा हा तर तुमच्या दाव्याचा पाया. तो पहिल्याच दिवशी फायलीत हवा.

मग दार कुठं उघडं आहे?

एक, दावा तातडीनं लावावा लागला असेल, तर तसं सांगून उरलेले कागद ३० दिवसांत देण्याची परवानगी मागता येते.

दोन, कागद खरोखरच तेव्हा तुमच्या ताब्यात नव्हता आणि नंतर हाती आला. सुधीर कुमार विरुद्ध विनय कुमार जी. बी. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हा फरक स्पष्ट केला. ताब्यात नसलेल्या, नंतर सापडलेल्या कागदाला 'आधी का नाही दिला' ही कडक अट तशीच लागू होत नाही.

हा नियम समोरच्यालाही आहे. शिवाय समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत त्यानं लेखी उत्तर दिलं नाही, तर त्याचा तो हक्कच जातो.

व्हॉट्सअॅपचं काय?

आपली अर्धी ऑर्डर व्हॉट्सअॅपवरच येते. इथं आपल्या शेजारच्या जालन्याचं प्रकरण लक्षात ठेवा. तिथल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हा वाद. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण, पण त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देत नव्हते.

१४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नाही, तर प्रमाणपत्र लागतंच. मात्र खटला संपण्याआधी ते उशिरा देण्याची मुभा कोर्ट देऊ शकतं. आणि ज्यानं सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, त्याला त्यासाठी अडवता येत नाही.

निकाल निवडणुकीचा असला, तरी तत्त्व तुमच्या चॅटलाही लागू होतं. १ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. म्हणून नुसता स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकू नका!

आजपासून काय करायचं?

- प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी फाईल ठेवा: ऑर्डर, बिल, ई-वे बिल, बिल्टी, पोहोच.
- गाडी परत आली की त्याच दिवशी पोहोच-सहीची प्रत ड्रायव्हरकडून घ्या.
- "देतो, थांबा" हे फोनवर नको, मेसेजवर घ्या. चॅट पुसू नका, जुना फोन जपा.
- दर तीन महिन्यांनी खात्याचा मेळ घालून समोरच्याची सही घ्या.
- वकिलाला फक्त 'कामाचे' कागद निवडून देऊ नका. सगळे द्या, निवड त्यांना करू द्या. तुमच्या विरुद्ध जाणारा कागदसुद्धा दाखवा.

आणखी एक. तातडीचा आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पक्कं केलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्यासाठी अर्ज होतो. ते दिवस वाया गेले असं समजू नका. कपाट उपसायची खरी वेळ तीच!

उधारी वसुलीला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे मुदत संपत आल्यावर धावपळ करू नका. तुमच्या प्रकरणात नेमकं काय लागू होतं, ते वकिलाला विचाराच. पण ज्या दिवशी माल गेला त्या दिवशीचा कागद जपणं हे तुमचंच काम. ते काम कोणताही वकील नंतर करून देऊ शकत नाही.

आज दुकान बंद करण्याआधी एक करा. सगळ्यात मोठी उधारी कोणाकडे आहे, त्याची फाईल काढा आणि पोहोच आहे का ते बघा. नसेल, तर उद्या सकाळी पहिला फोन त्यालाच!