पुरानंतरचे घर

पानशेतच्या पुराचे नाव निघाले की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे लकडी पूल, नारायण पेठ आणि शनिवार पेठ उभी राहते. ते साहजिकच आहे. परंतु १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात शिरलेले पाणी वेल्हे तालुक्याच्या खोऱ्यातून आले होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. पूर ओसरल्यावर माणसे पुन्हा कशी वसवावीत, याचा विचार शहर आणि खोरे यांना एकत्र धरूनच केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आंबी नदीवरचे पानशेत धरण मातीचे. १९६१ च्या पावसाळ्यात त्याचे काम पुरे झालेले नसतानाच जलाशय भरत गेला. पाणी सोडण्याच्या मोरीवरील भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली; पण मातीच्या बांधाचा धर्मच असा की, एकदा पाण्याला त्यातून वाट मिळाली म्हणजे ते ती वाट स्वतःच रुंद करीत जाते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. लोंढा मुठेत उतरला आणि १८७९ साली बांधून झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही दुपारी फुटले. पुण्याला पिण्याचे पाणी मिळत होते ते याच खडकवासल्याहून. साऱ्या शहरात पाणी शिरले आणि नळ मात्र कोरडे पडले!

म्हणून पुनर्वसनाचा आरंभ भिंतीपासून नव्हे, पाण्यापासून होतो. पुराचे पाणी शिरलेली विहीर प्रथम उपसावी लागते, तिचा गाळ काढावा लागतो, मग टीसीएल पावडर टाकून पाणी शुद्ध करावे लागते. तोवर पाणी उकळूनच प्यावे. शौचकूपांची व्यवस्था त्याच दिवशी हवी. ती राहिली तर पुरातून वाचलेली माणसे पटकीला आणि हगवणीला बळी पडतात.

त्यानंतर निवारा. मातीत बांधलेली भिंत पाण्यात उभी असते तेव्हा टिकलीशी वाटते. पाणी ओसरल्यावर मात्र आतून भिजलेली माती स्वतःचाच भार पेलू शकत नाही. पुष्कळ घरे अशी पूर गेल्यानंतर कोसळतात. म्हणून भिंत तपासल्यावाचून कोणी घरात परतू नये. परतता येत नाही त्यांच्यासाठी छप्पर उभारावे लागते, आणि 'तात्पुरते' हा शब्द येथेच फसवा ठरतो. पुण्यात मदत व पुनर्वसनाच्या कामाला स. गो. बर्वे यांच्यासारखा कर्तबगार प्रशासक लाभला. नदीपासून दूर, उंचावर नव्या वसाहती झाल्या. गोखलेनगर आणि सहकारनगर ही आज शहराची भरवस्तीची अंगे आहेत. तरीही पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांपुढे भाडेपट्टा की मालकी हा प्रश्न अर्ध्या शतकाहून अधिक काळ रेंगाळला. छप्पर काही महिन्यांत मिळाले, पायाखालची जमीन आपली म्हणायला मात्र पिढी उलटावी लागली.

आता खोऱ्याकडे वळू. वेल्ह्यात, शेजारच्या भोरमध्येही, घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. त्याला लागून भाताचे खाचर असते, आणि घराची चूल त्या खाचरावर पेटते. उतारावर दगडी ताल घालायची, तिच्याआड पावसागणिक माती साचू द्यायची, असे करीत पिढ्यान्‌पिढ्या हे खाचर घडते. पूर ते एका रात्रीत खरवडून नेतो. वर दगडगोटे टाकतो, बांधाच्या खुणाही पुसतो. मग सातबाऱ्यावर शेत असते, परंतु शिवारात दिसत नाही. अशा वेळी घराला पत्रे दिले आणि ताल तशीच फुटलेली ठेवली, तर त्या कुटुंबाला पोटासाठी गाव सोडावे लागते. आपण बांधून दिलेल्या घराला कुलूप लागते.

रस्त्याचेही तसेच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट दरडींनी बंद पडला. घाट बंद पडला म्हणजे बाजार, दवाखाना आणि शाळा एकदमच दूर जातात.

यावरून आमचे म्हणणे थोडक्यात असे. पंचनाम्यात घराबरोबर विहीर, वाट आणि खाचर यांचीही नोंद व्हावी. तालीची दुरुस्ती ही शेतीची किरकोळ मदत न मानता घरबांधणीचाच भाग मानावी. हद्दींची मोजणी पुढच्या पेरणीपूर्वी व्हावी. आणि नवी जागा द्यावयाची तर तिचा हक्क कोणाचा, हे पहिल्या दिवशीच कागदावर उतरावे.

पानशेतचे धरण पुढे पुन्हा बांधले गेले आणि पुणे आज त्याच्या पाण्यावर जगते. त्या जलाशयाखाली वेल्ह्यातील शेतकऱ्यांची गावे आणि खाचरे गेली आहेत. तेव्हा खोऱ्यात कोणाची ताल वाहून गेली, तर ती उभी करणे यात शहराचे उपकार नाहीत. पुणेकरांकडून खोऱ्याला येणे असलेल्या बाकीचा तो एक हप्ता आहे.