‘फायनल फँटसी’ अवघड होती, पण कशामुळे?

बीड, अंबाजोगाई नाहीतर परळीत १९९० च्या दशकात वाढलेल्या कुणापाशीही ‘टीव्ही गेम’चा विषय काढा. मारिओ, कॉन्ट्रा आणि बंदुकीनं पाडायची बदकं, एवढी उजळणी होते आणि यादी संपते. त्याच पिढीतले काही जण आता मोबाइलवर १९८७ सालची ‘फायनल फँटसी’ खेळतात आणि त्यांच्यात दोन तट पडतात. एकाच्या मते ही गेम म्हणजे नुसता छळ, दुसऱ्याच्या मते पोरखेळ. दोघंही खोटं बोलत नाहीत. मात्र या भांडणात जी कारणं पुढे केली जातात, त्यातली बरीचशी ऐकीव आहेत.

“तेव्हा आपल्याकडे अशा गेम आल्या नाहीत, कारण इंग्रजी वाचावं लागायचं.” भाषेचा अडसर होताच. जपानमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये निघालेली ही गेम इंग्रजीत यायलाच १९९० उजाडलं. पण मोठी अडचण कॅसेटच्या पोटात होती. आपल्याकडे चालायच्या त्या नकली मशीनच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटी. मोजक्याच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा, कधी पहिल्या लेव्हलपासून तर कधी तिसऱ्या. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० केबीची, त्यामुळे अशा बऱ्याच गेम एका कॅसेटीत कोंबता यायच्या. ‘फायनल फँटसी’ एकटीच २५६ केबीची. वर तिला ८ केबीची वेगळी मेमरी आणि ती जिवंत ठेवायला एक छोटा सेल लागायचा. तो सेल नसेल तर मशीन बंद केल्याबरोबर तासन्‌तासांची मेहनत पुसली जाणार. स्वस्तातल्या कॅसेटीत हा खर्च कोण घालणार?

तशी कॅसेट आपल्याकडे आली असती तरी भारनियमनापुढे तिचं काय झालं असतं, हा विचार गमतीचा आहे. परळीत औष्णिक वीज केंद्र, आणि आसपासच्या गावांत अंधार, हे आपण पाहिलेलं आहे. मूळ गेममध्ये प्रगती जतन करायची सोय फक्त गावातल्या मुक्कामाच्या सराईत, नाहीतर उघड्या नकाशावर तंबू ठोकून. गुहेत, किल्ल्यात, मनोऱ्यात कुठेच नाही. शेवटच्या देवळात तर आधी मारलेले चारही दैत्य पुन्हा आडवे येतात आणि मग शेवटचा शत्रू केऑस. तिथे वीज गेली तर सगळं देऊळ पहिल्यापासून.

“हात चपळ पाहिजे, आता या वयात जमणार नाही.” हा गैरसमज कॉन्ट्राच्या सवयीतून आलेला आहे. इथे लढाई पाळीपाळीनं होते. चौघांना हुकूम द्यायचे आणि काय होतं ते बघायचं. हुकूम देण्याआधी चहा पिऊन आलात तरी शत्रू जागचा हलत नाही. अवघड आहे ती आधीची बांधाबांध. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारं कुटुंब दाणागोटा, भांडीकुंडी, औषधपाणी हिशेबानं गाडीत भरतं, कारण फडावर गेल्यावर विसरलेली वस्तू मिळेलच असं नाही. इथेही तसंच. दलदलीच्या गुहेत विष चढतं, त्यावरचा उतारा किती घ्यायचा? जखमेचं औषध जास्तीत जास्त ९९ नग बाळगता येतं, पण दुकानदार एका वेळी एकच विकतो. ९९ नगांसाठी ९९ वेळा सौदा. मंत्र ठरावीक वेळाच म्हणता येतात आणि ती संख्या मुक्काम केल्याशिवाय भरून येत नाही. एखादा मेला तर त्याला उठवणारी वस्तूच मूळ गेममध्ये नाही. गावातल्या दवाखान्यात न्यायचं, नाहीतर पुढे कधीतरी मिळणारा मंत्र वापरायचा, तोही लढाई चालू असताना चालत नाही. शिवाय सहा प्रकारच्या पात्रांतून चौघं निवडायचे ते अगदी सुरुवातीला, आणि ही निवड पुढे बदलता येत नाही.

खेळणाऱ्यांची सर्वात जास्त चिडचिड होते ती वाया जाणाऱ्या वारांवर. तिघांना एकाच राक्षसावर सोडलंत आणि तो पहिल्याच घावात पडला, तर उरलेले दोघं रिकाम्या जागेवर तलवार चालवतात. नव्या आवृत्त्यांत ते आपोआप पुढच्या शत्रूकडे वळतात. अनेक जण जुन्या वागण्याला चूक म्हणतात. मला ती या गेमची सर्वात चांगली गोष्ट वाटते. कुणाचा घाव किती खोल जाईल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि साध्या भुतावळीशी लढतानाही डोकं जागं राहतं.

“काही नाही, लेव्हल वाढवत बसलं की झालं.” अर्धसत्य. लेव्हल वाढवायची नामी जागा आहे खरी. प्रावोका बंदराच्या ईशान्येला जमिनीचं एक टोक आहे, तिथे वेळेआधीच तगडे शत्रू भेटतात. कारण गमतीदार आहे. कुठे कोणता शत्रू यायचा हे ठरवण्यासाठी नकाशाचे चौकोन पाडलेत, आणि ते टोक पुढच्या प्रदेशाच्या चौकोनात जातं. पण बर्फाच्या गुहेत स्पर्शानं दगड करणारे आणि एका फटक्यात जीव घेणारे शत्रू आहेत. त्यांच्यापुढे वाढलेली लेव्हल फारशी कामाची नाही. उलट पांढऱ्या जादूवाल्या एकट्या पात्रानं पूर्ण गेम संपवणारे बहाद्दरही आहेत. तेव्हा घाम गाळल्याशिवाय गत्यंतर नाही, हेही खरं नव्हे.

आता सर्वात मोठा गैरसमज: जुन्या काळचे लोक मुद्दाम इतकं अवघड करायचे, प्रत्येक अडचणीमागे काहीतरी शहाणपण होतं. या गेममधलं निम्मं शहाणपण प्रत्यक्षात प्रोग्रॅममधल्या चुका आहेत. पात्राची बुद्धी नावाचा आकडा पडद्यावर दिसतो, वाढतो, आणि मूळ आवृत्तीत त्याचा जादूवर काडीचाही परिणाम होत नाही. बुद्धी वाढली म्हणून आनंदलेल्या सगळ्यांची फसवणूकच. प्रत्येक हत्यारानं वर्मी घाव बसण्याची वेगळी शक्यता ठरवलेली होती, पण गेम ती वाचतच नाही. यादीतला हत्याराचा अनुक्रमांकच शक्यता म्हणून वापरते. म्हणजे यादीत खाली असणं हाच तलवारीचा गुण. अमुक जातीच्या राक्षसावर अमुक हत्यार भारी, हे लिहिलेलं आहे पण चालत नाही. ताकद वाढवणारे दोन मंत्र म्हणून बघा, काही होत नाही. सर्वात महागडा तंबू म्हणजे ‘हाउस’. तो तब्येत सुधारतो, मंत्रांची भरपाई करतो आणि प्रगती जतन करतो, पण जतन आधी करतो आणि मंत्र नंतर भरतो. मशीन बंद करून पुन्हा लावलंत की मंत्र रिकामेच. ही चूक कुणी ‘अवघड रचना’ म्हणून डोक्यावर घेतली, तर त्याला काय म्हणावं? हे सगळं लिहिणारा प्रोग्रॅमर नासिर गेबेली मोठाच कसबी होता. पण कसबी माणसाच्या हातूनही गफलती राहतात, आणि कॅसेट एकदा विकली की दुरुस्तीला वाव नसे.

जाता जाता नावाबद्दल. ही गेम काढणारी कंपनी बुडायला आली होती, ही शेवटची गेम म्हणून ‘फायनल’, असं सगळीकडे सांगितलं जातं. निर्माते हिरोनोबू साकागुची यांची परिस्थिती बिकट होती, हे त्यांनीच सांगितलंय. पण २०१५ मध्ये त्यांनी खुलासा केला की त्यांना ‘एफएफ’ अशी आद्याक्षरं हवी होती. आधी ‘फायटिंग फँटसी’ ठरलं होतं, ते नाव दुसऱ्या खेळाचं निघालं, म्हणून ‘फायनल’.

आणि सुरुवातीच्या दोन तटांचं भांडण? ते बहुतेक वेळा एकाच गेमविषयी नसतंच. २००४ मध्ये गेमबॉय अॅडव्हान्सवर आलेल्या आवृत्तीत कुठेही जतन करता येतं, मंत्रांसाठी नेहमीची एमपी (मॅजिक पॉइंट) पद्धत आहे आणि मेलेल्याला उठवणारं फिनिक्स डाउनही विकत मिळतं. गंमत म्हणजे मूळ गेममध्ये केऑसचे प्राण २,००० होते, ते या आवृत्तीत २०,००० झाले, तरीही ती सोपी वाटते. मोबाइलवर बहुतेक जण खेळतात ती २०२१ सालची पिक्सेल रीमास्टर. तिच्यात मंत्रांची जुनी मोजणी परत आली, वाया जाणारे वार मात्र गेले. त्याच रीमास्टरच्या २०२३ सालच्या कन्सोल आवृत्तीत तर वाटेतल्या लढाया एका बटणानं बंदच करता येतात.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं रीमास्टर घ्यावी. पहिल्यांदा योद्धा, लाल जादूवाला, पांढरा आणि काळा जादूवाला असे चौघं नेले तर फारसं अडत नाही. मूळ १९८७ ची खेळायचीच असेल, तर बुद्धीच्या आकड्याकडे बघू नका आणि दलदलीच्या गुहेत शिरण्याआधी विषावरचा उतारा मोजून घ्या.