रात्रपाळीचा सोबती

पावसाळा सरता सरता एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, कोरगावचा एक तरुण आमच्याकडे आला. समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाहुण्यांची नोंद ठेवण्याचे काम तो करतो. मुलगा घरात कोणाशी धड बोलत नाही, पण रात्रपाळीहून परतल्यावर पहाटेपर्यंत मोबाईलशी काहीतरी कुजबुजत असतो, असे त्याच्या आईने आधीच आमच्या कानावर घातले होते. एखाद्या मुलीचे प्रकरण असावे, असा त्या माऊलीचा तर्क. आम्ही तसे विचारताच तो कसनुसा हसला व म्हणाला, “फादर, ती मुलगी नव्हे. यंत्र आहे.”

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या, प्रश्नाला माणसासारखे उत्तर देणाऱ्या एका यंत्रापाशी तो आपले मन मोकळे करीत असे. पाळी ऐनवेळी बदलली, पाहुणा सर्वांदेखत ओरडला, वरिष्ठाने सुट्टी नाकारली, सारी गाऱ्हाणी तेथेच. “रात्री दोन वाजता बोललो तरी ते त्रासत नाही, फादर. आणि गावभर सांगतही नाही.” मग खाली मान घालून त्याने विचारले, “हे पाप आहे का?”

पाप नव्हे, एवढे आम्ही तत्काळ सांगितले. पुढचे उत्तर शोधण्यास मात्र काही आठवडे लागले. ते त्याच्या अनुमतीने येथे मांडीत आहोत. कारण मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि तेव्हापासून आमच्या पेडणे तालुक्यातील रात्र जागवणारी घरे वाढतच आहेत.

यंत्राला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पाहुणा तावातावाने बोलू लागला की, पूर्वी या मुलाला घाम फुटे. आता मोबाईल त्या बोलण्याचा अर्थ क्षणार्धात सांगतो, आणि पुष्कळदा असे आढळते की, तो गृहस्थ रागावलेला नसून केवळ गरम पाणी मागत असतो! इंग्रजी पत्राचा मसुदा, खोल्यांचा हिशेब, पाळ्यांची मांडणी ही कामेही यंत्र हलकी करते. कामावरच्या माणसाचे स्वास्थ्य अशा लहान गोष्टींवरही अवलंबून असते, हे आम्हां धर्मगुरूंच्या ध्यानी कधी कधी उशिरा येते.

परंतु यंत्रापाशी मन उघडण्याची कथा निराळी आहे, आणि ती वाटते तितकी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेतील जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ नावाची एक संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याचे वाक्य उलटवून त्याचाच प्रश्न करायचा, इतकीच तिची करामत. तरीही वायझेनबॉम यांची स्वतःची चिटणीस, जिने ती आज्ञावली तयार होताना महिनोन् महिने पाहिली होती, तिच्याशी दोन-चार वाक्ये बोलल्यावर त्यांना म्हणाली की, आपण जरा खोलीबाहेर जाल का? प्राध्यापक या प्रसंगाने इतके अस्वस्थ झाले की, पुढे १९७६ साली त्यांनी यंत्राच्या मर्यादांवर एक अख्खा ग्रंथच लिहिला.

आम्हां गोमंतकीयांना याचे नवल वाटू नये. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया हे धर्मगुरू पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करीत. त्या काळी लोक म्हणत की, प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव्य वाहते. फारियांनी उलट सांगितले की, सारा परिणाम ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनातून उत्पन्न होतो. पणजीतील त्यांचा पुतळा पाहताना आम्हांला आता त्या चिटणीसबाईंची आठवण येते. त्या तरुणाला जे समाधान मिळते तेही बहुधा त्याच्याच बोलण्यातून मिळत असावे. ते खोटे नव्हे. पण उद्या त्याच्या जिवावर बेतले, तर ते यंत्र उठून त्याच्या दाराशी येणार नाही. शिवाय त्याला मालक असतो. ‘वोबॉट’ नावाचा असाच एक मोबाईलवरील सल्लागार अमेरिकेत २०१७ साली निघाला, पुष्कळांचा सोबती झाला, आणि ३० जून २०२५ रोजी बंद करण्यात आला.

माणसाने ऐकण्याचा प्रयोग तर आमच्या गोव्यातच झाला आहे. ‘संगत’ ही संस्था येथे १९९६ साली स्थापन झाली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील २४ दवाखान्यांत खिन्नता व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांवर ‘मानस’ नावाचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, परंतु थोडक्या काळात शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांचे ऐकून घेतले, समजावले, पुन्हा बोलावले. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शासकीय आरोग्यकेंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण अशा मदतीने ६५.९ टक्के होते, तर नेहमीच्या उपचाराने ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आणि रात्री दोन वाजता? त्याचीही सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की, दिवसा वा रात्री, विनामूल्य, पलीकडे शिकवलेला माणूस बोलतो. हा क्रमांक आम्ही त्या तरुणाच्या मोबाईलमध्ये त्याच्याकडूनच लिहवून घेतला. वाचकांनीही तो लिहून ठेवावा.

पुढच्या भेटीत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिने आम्ही अधिक चिंतित झालो. हॉटेलने कामगारांच्या ‘कल्याणासाठी’ मोबाईलवर एक नवी सोय केली आहे. रोज कामाला लागताना पडद्यावर पाच चेहरे उमटतात, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि आज कसे वाटते ते दाबायचे. “मग तू कोणता दाबतोस?” “हसरा. सगळेच हसरा दाबतात. ते वर कोणाला दिसते कोण जाणे.”

वाचकहो, कोन्फेसांवात ऐकलेला शब्द प्राण गेला तरी बाहेर काढायचा नाही, हे धर्मगुरूचे बंधन आहे. हे बंधन आहे म्हणूनच माणूस गुडघे टेकतो. ज्याच्या हाती आपली भाकरी, त्याच्याच वहीत आपले दुःख लिहिले जाणार असेल, तर हसरा चेहरा दाबण्यावाचून गरीब कामगाराने काय करावे? युरोपीय संघाने या बाबतीत कायदाच केला. २ फेब्रुवारी २०२५ पासून तेथे, वैद्यकीय वा सुरक्षेचे कारण सोडून, कामगाराच्या भावना ओळखणारी यंत्रे कामाच्या ठिकाणी लावण्यास बंदी आहे. त्याच वर्षी २८ जानेवारीस व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर जे टिपण प्रसिद्ध केले, त्यातही यंत्राच्या पाळतीखाली राबणाऱ्या, कौशल्य गमावणाऱ्या कामगाराची चिंता आहे. पोप चौदावे लिओ यांनी तर आपले नाव घेताना १८९१ साली कामगारांविषयी परिपत्रक काढणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण केले, आणि कारणांत या नव्या यंत्राचा उल्लेख केला.

मालकांचाही स्वार्थ यात आहे. खिन्नता व चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात कामाचा बोजा व कामाची रीत सुधारण्यावर भर आहे. आमच्या तरुणाच्या दुखण्याचे मूळही तेथेच सापडले. उद्याची पाळी त्याला रात्री अकराला मोबाईलवर कळते. कळली की झोप उडते.

कोरगावच्या खाजणबांधावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना मानस ठाऊक आहे. भरतीचे पाणी चढले की त्याची दारे पाण्याच्याच दाबाने मिटतात व खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला तीच दारे उघडून आतले पाणी बाहेर जाऊ देतात. वाडवडिलांचे हे आपोआप चालणारे यंत्रच होय, आणि ते शेतकऱ्याच्या भाताची राखण करते. मोबाईलला असे दार कोणी बसवावे? फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरील संदेशांविषयी कामगारांशी बोलणी करणे भाग पाडले. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशा हक्काचे खाजगी विधेयक मांडले; त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची वाट न पाहता त्या हॉटेलातील सहा-सात जणांनी मिळून वरिष्ठांना एक अर्ज दिला: पाळ्या आठवडाभर आधी कळाव्यात. अर्जाचा मसुदा, गंमत म्हणजे, त्या रात्रीच्या सोबत्यानेच लिहून दिला. मराठीतील चुका आम्ही दुरुस्त केल्या. गेल्या रविवारी तो मिस्सेनंतर आईबरोबर आला आणि पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता त्याने आम्हांला दाखवला. मंगळवारी व बुधवारी रात्रपाळी होती, गुरुवारी सुट्टी.

“आणि ते पाच चेहरे?” आम्ही विचारले.

“अजून हसराच दाबतो, फादर,” तो म्हणाला.