ओल्या हळदीचा जवान आणि फौजेचा कोर्स

वैशाखात आपल्या सातारा-सांगली भागात एक चित्र दर साली दिसते. फौजेतला मुलगा दोन महिन्यांची रजा घेऊन येतो. पहिले पंधरा दिवस मुली पाहण्यात आणि याद्या करण्यात जातात. मग लग्न, सत्यनारायण, जेजुरी, जागरण-गोंधळ, पाहुण्यांची जेवणे. अंगाची हळद निघते न निघते तोच रजा संपते. युनिटमध्ये पोचल्यावर हुकूम तयार असतो, 'अमुक तारखेला तांत्रिक कोर्सला हजर व्हा.' इकडे नवी सून परक्या घरात, तिकडे नवरा पुस्तकाच्या आणि मशीनच्या पुढ्यात. या सहा-आठ महिन्यांत घरच्यांनी कसे वागावे, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखक १९८९ साली भरती झाला आणि गाड्या दुरुस्तीच्या ट्रेडमध्ये सव्वीस वर्षे नोकरी करून २०१५ साली निवृत्त झाला. चूक स्वतःच्याच घरात झाली, तीच आधी सांगतो.

आमची चूक

माझे लग्न १९९३ च्या मे महिन्यात झाले. जुलैत कोर्स लागला. गावाकडे ट्रॅक्टरचा पंप डोळे झाकून उघडणारा मी, पण वर्गात फळ्यावर विजेच्या जोडणीचा नकाशा बघून डोके गरगरले. पुस्तके इंग्रजीत, शिकवणे हिंदीत, आपला विचार मराठीत. त्यातच तिसऱ्या आठवड्यात घरून आंतरदेशीय पत्र आले. विहिरीच्या पाळीवरून चुलत्याशी भांडण, बैल आजारी, आणि शेवटी एक ओळ, 'सूनबाईचे मन इथे रमत नाही, तूच काय ते बघ.' चारशे कोसांवरून मी काय बघणार? रात्रभर झोप नाही. सकाळी पीटीला उशीर, दुपारी पेपरात निम्मी उत्तरे कोरी. कोर्स नापास होऊन युनिटला परत आलो. पुन्हा संधी मिळायला सव्वा वर्ष लागले. तोवर बरोबरीच्या मुलांच्या दंडावर नाईकची फीत चढली होती.

पुढच्या रजेत बायको म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नव्हतं की तुम्ही शाळंला बसलाय. मला वाटलं, तुम्ही रुसलाय म्हणून पत्र नाही."

एवढे एक वाक्य लग्नाआधी कुणी बोलले असते, तर ते सव्वा वर्ष वाचले असते.

हे शिक्षण म्हणजे काय?

फौज म्हणजे फक्त बंदूक आणि कवायत, असा गावात समज आहे. पण रणगाड्याचे इंजिन, तोफेची यंत्रणा, वायरलेस संच, पूल बांधण्याची अवजारे हे सगळे चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात शिकवूनच तयार करावे लागतात. सिकंदराबादला ईएमई, जबलपूर आणि गोव्यात सिग्नल, खडकीला बॉम्बे सॅपर्स, नाशिक रोडला तोफखाना, अहिल्यानगरला रणगाडा दल अशी शिक्षणाची ठिकाणे आहेत. नौदलाचे इंजिनाचे शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर आणि विजेचे जामनगरच्या आयएनएस वलसुरावर होते.

भरतीनंतरचे पहिले शिक्षण संपले की सुटलो, असेही नाही. ट्रेडमध्ये पुढचा क्लास मिळवण्यासाठी नोकरीत पुन्हा पुन्हा कोर्स लागतात. दिवस पहाटे पीटीने सुरू होतो. मग वर्ग, वर्कशॉप, संध्याकाळी खेळ, रोल कॉल आणि रात्री अभ्यास. परीक्षा पास होणे भागच. बढतीची वाट बरीचशी इथूनच जाते. अशा दिवसात घरची काळजी डोक्यात घेऊन बसलेला जवान पाना हातात धरतो, पण नट कुठला ते त्याला दिसत नाही.

जाण्याआधी मुलाने बारावीचे फिजिक्स, गणित किंवा आयटीआयची वही पुन्हा चाळावी. रजेतला रोज एक तास पुरतो. वर्गात अडले तर उस्तादांना विचारायला लाजू नये. उस्ताद रागावतील, पण सांगतील.

अग्निवीरांची गोष्ट वेगळी

वरची हकीकत नियमित सैनिकांची. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यातून भरती होणारा मुलगा अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या त्या सेवेत त्याला लग्न करता येत नाही. लग्न केल्यास सेवेतून कमी करण्यात येईल, असे हवाई दलाने आपल्या जाहिरातीतच छापले आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले कायम होतात. "पोरगं लागलंय, आता बार उडवून टाकू, कुणाला कळतंय?" असे म्हणणारे पाहुणे प्रत्येक गावात भेटतात. त्यांचे ऐकू नका. फोटो आज मांडवातून निघून पाच मिनिटांत जगभर जातो. आधी लगीन कोंढाण्याचे, ही म्हण आपल्याच मातीतली आहे. सोयरीक मनात धरून ठेवा, अक्षता मागाहून पडतील.

सरपंचांनाही एक विनंती. भरतीसाठी अविवाहित असल्याचा दाखला तुमच्या सहीने जातो. खात्री करूनच सही करा. खोट्या दाखल्याने मुलाचे भले होत नाही.

घरच्यांसाठी चार गोष्टी

एक, सुनेला सगळे सांगा. नवरा कुठे आहे, काय शिकतो, किती महिने, फोन केव्हा येईल, हे तिला लग्न ठरतानाच कळले पाहिजे. कोर्सच्या ठिकाणी बिऱ्हाड न्यायला सहसा जमत नाही. 'पोरगा लगेच क्वार्टर घेईल' असे व्याह्यांना खोटे आश्वासन देऊ नका.

दोन, फोनची वेळ ठरवा. आज पत्राची वाट बघावी लागत नाही, पण शिक्षणात मोबाईल हवा तेव्हा हातात नसतो. फोन लागला नाही म्हणून वीस मिस कॉल देऊ नयेत. रविवारची वेळ ठरवावी. आधी बायकोला बोलू द्यावे, मग आईला. तक्रारी सांगण्यासाठी फोन चारचौघांत फिरवू नये. नवरा कुठल्या ठाण्यावर आहे, हे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नये.

तीन, कोणती बातमी सांगावी हे ओळखा. बांधाचे भांडण, उसाची तोड लांबली, भावकीतला रुसवा हे घरच्या घरी मिटवा. पण खरे आजारपण लपवू नका. मागाहून कळले तर त्याचा घरच्या शब्दावरचा विश्वास उडतो. पूर्वी रजा मिळावी म्हणून 'मदर सिरियस'ची खोटी तार ठोकायची चाल होती. २०१३ साली तारसेवा बंद झाली, चाल मात्र फोनवर आली. आमच्या तुकडीत एकाची आई दोन वेळा अशी आजारी पडली. तिसऱ्या वेळी ती खरोखर अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याची रजा चौकशीत अडकली. मुलाचा आर्मी नंबर, युनिटचा पत्ता आणि कंपनी ऑफिसचा फोन घरात लिहून ठेवावा. खऱ्या अडचणीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, तिथे वाट दाखवतात.

चार, पैशाची रीत आधीच ठरवा. लग्नाचे कर्ज, भावाच्या ट्रॅक्टरचा हप्ता आणि बहिणीची फी हे सारे एकाच पगारावर टाकले की जवान वर्गात बसून हिशेब करत राहतो. सुनेचे स्वतःचे बँक खाते असावे आणि दरमहा ठरलेली रक्कम तिच्या हातात पडावी. तिचे शिक्षण अर्धे राहिले असेल तर याच महिन्यांत पुरे होऊ द्यावे. नवरा तिकडे परीक्षा देतो, तिने इकडे द्यावी. दोघांचाही वेळ जातो.

रजा संपण्याआधी कागद

हा भाग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, जरूर वाचावा. १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत विवाह नोंदणी करायची असते. नवरा-बायको दोघांना आणि तीन साक्षीदारांना हजर राहावे लागते. जवान एकदा कोर्सला गेला की त्याला परत कोण आणणार? म्हणून जवानाचे काम 'पुढच्या आठवड्यात या' असे म्हणून पुढे ढकलू नका.

नोंदणी करताना सुनेचे नाव आधार, शाळेचा दाखला आणि प्रमाणपत्र यांवर एकसारखे आहे का, ते पाहावे. मग जवानाने ते प्रमाणपत्र आणि जोडीचा फोटो युनिटमध्ये देऊन लग्नाची पार्ट टू ऑर्डर करून घ्यावी. विमा आणि फंडाच्या वारसनोंदीही त्याच वेळी तपासाव्यात. ही ऑर्डर झाली नाही, तर फौजेच्या दप्तरी त्याचे लग्नच झालेले नसते. पुढे बरे-वाईट झाले तर कुंकू पुसलेल्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आधी आपण बायको आहोत हे सिद्ध करावे लागते. असे अर्ज घेऊन रखडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एका दिवसाचे काम, पण राहून गेले की वर्षे खाते.

आमच्या गावात आता एक रीत पडली आहे. जवानाचे लग्न झाले की माझी मंडळी नव्या सुनेला चहाला बोलावते आणि पहिलेच वाक्य बोलते, "बाई, त्याचा फोन आला नाही तर तो रुसलाय असं समजू नकोस. तो शाळंला बसलाय."

बाकी सांगायचे ते एवढेच. निघताना मुलाच्या पेटीत लाडू भरा, चिवडा भरा. गाऱ्हाणी तेवढी घरी ठेवा.