लांबचा रस्ता, कमी वेळ

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर साधारण १२,४०० किमी. पण दोन विमानतळांमधल्या अंतरावरून प्रवासाचा वेळ काढायला जाल, तर हमखास फसाल.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० किमीचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, पण वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला!

ही सगळी करामत वाऱ्याची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. जपानच्या आसपास, विशेषतः हिवाळ्यात, त्याचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. हवेतला विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपासच राहतो, पण पाठीमागून वारा ढकलत असल्याने जमिनीच्या हिशेबात तो हजाराच्या पुढे जातो. समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशात ‘ग्राउंड स्पीड’चा आकडा पाहा, तिथे हे लख्ख दिसतं. अटलांटिकवरून पश्चिमेला जाताना हाच वारा समोरून येतो.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या लेकी-सुनांकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांनी म्हणूनच किलोमीटरपेक्षा तिकिटावरचे तास बघावेत. आणखी एक गंमत: उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को भारतापेक्षा साडेबारा तास मागे असतं. त्यामुळे साडेचौदा तास उडूनही तिथल्या घड्याळात फक्त दोनच तास सरलेले असतात.