पिकअप घ्यायची की बोलेरो? शोरूमला जाण्याआधी खेपा मोजा

टोमॅटोला एखाद्या हंगामात दर सापडला की नारायणगावच्या बाजारातून घरी आलेल्या पैशाला दोन वाटा फुटतात. पोरगा म्हणतो पिकअप घेऊ, भाड्यापायी किती दिवस पैसे घालायचे? त्याची आई म्हणते चार माणसं नीट बसतील अशी गाडी घ्या, दवाखान्यात जायचं तर आजही शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. दोघांचंही खरं असतं. मग बऱ्याच घरांत तोडगा निघतो तो असा: पिकअपच घेऊ, माल पण नेईल आणि माणसं पण.

जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात हा तोडगा गावोगाव दिसतो, आणि तोच सगळ्यात महाग पडतो.

घोळ किमतीमुळे होतो. बोलेरो पिकअप आणि सात सीटची बोलेरो यांची शोरूमची किंमत मॉडेलप्रमाणे साधारण आठ ते साडेदहा लाखांच्या आत-बाहेर असते. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही दोन्हींवर सारखाच, 18 टक्के. पिकअपला मालवाहू म्हणून आणि बोलेरोला चार मीटरच्या आतली, 1500 सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असलेली गाडी म्हणून. स्कॉर्पिओसारखी लांब आणि मोठ्या इंजिनाची गाडी 40 टक्क्यांत जाते, त्यामुळे तिचा हिशेबच वेगळा. तर पैसे सारखेच, मग दोन्ही कामं करणारी का नको, असं वाटणं साहजिक आहे. पण आरटीओच्या कागदावर या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. एकीला पिवळी पाटी, दुसरीला पांढरी.

कागदाचा खर्च

महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर 13 टक्के एकरकमी कर लागतो. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला 2025-26 च्या अर्थसंकल्पापासून 7 टक्के एकरकमी कर झाला. म्हणजे नऊ लाखांच्या गाडीवर बोलेरोला ढोबळ 1 लाख 17 हजार आणि पिकअपला 63 हजार. इथे पिकअप 54 हजारांनी स्वस्त. शोरूममधला माणूस हे आवर्जून सांगतो.

तो सांगत नाही ते विम्याचं. 2022 साली ठरलेल्या दरांप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 3,416 रुपये, आणि नवी घेताना तीन वर्षांचा एकदम भरला तर 10,640. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा 16,049 रुपये, दरवर्षी. जीएसटी वेगळा. वर्षाला साडेबारा हजारांचा हा फरक धरला तर करात वाचलेले 54 हजार साडेचार वर्षांच्या आतच संपतात. पिकअप तर त्याहून जास्त वर्षं दारात राहणार असते.

मग पासिंग. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, तोवर पीयूसी आणि विमा सोडला तर आरटीओचं तोंड बघायला लागत नाही. पिकअपचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. प्रत्येक वेळी एक दिवस मोडतो, शिवाय टायर, लाइट, रेडियम, बॉडी सगळं नीट करून न्यावं लागतं. टोलनाक्यावर कारपेक्षा हलक्या व्यावसायिक वाहनाचा दर जास्त असतो. 15 ऑगस्ट 2025 ला तीन हजारांत सुरू झालेला, 200 फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पासही फक्त खासगी कार-जीपसाठी आहे, पिवळ्या पाटीला नाही. तो चालतोही राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर, समृद्धीवर नाही.

लायसनची भीती मात्र आता बाळगायचं कारण नाही. साध्या चारचाकीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळा शिक्का लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला दिला. आणि गाडीचं एकूण वजन मालासकट तीन हजार किलोंच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. त्यापुढचं मॉडेल घेतलं तर लागतं. हे आकडे आरसीवर असतात, एजंटच्या तोंडी नाही.

खेपा किती होतात?

पिकअप फायद्याची की तोट्याची हे एकाच आकड्यावर ठरतं: वर्षाला खेपा किती?

समजा नऊ लाखांची पिकअप घेतली. दोन लाख रोख भरले, सात लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी काढलं. हप्ता येतो 14,873 रुपये, वर्षाचे एक लाख 78 हजार. पूर्ण विमा 32 हजार धरला तर गाडी दारात नुसती उभी राहिली तरी वर्षाला दोन लाख दहा हजार जाणार.

आता दुसरी बाजू. समजा बाजाराच्या एका खेपेला भाडं 1,700 रुपये जातं. स्वतःची गाडी नेली तर डिझेल, टायर-ऑईलची झीज धरून 700 रुपये लागतात. एका खेपेमागं हजार वाचले. म्हणजे दोन लाख दहा हजार भरून निघायला वर्षाला 210 खेपा हव्यात. प्रत्येकानं आपल्या गावचं भाडं आणि आपल्या बँकेचा व्याजदर घालून हा हिशेब परत मांडावा, आकडा थोडा इकडं-तिकडं होईल.

पाच-सहा एकरवाल्याच्या घरी खेपा किती निघतात? दोन एकर टोमॅटो, एकरी 1,200 कॅरेट धरले तर 2,400 कॅरेट. वीस किलोच्या कॅरेटनं दीड टनाच्या गाडीत सत्तर-पंचाहत्तर बसतात. झाल्या 34-35 खेपा. दोन एकर कांदा, एकरी दहा टन, म्हणजे 14 खेपा. खत, चारा, बियाणं, घराचं सिमेंट-वाळू सगळं मिळून वीस. बेरीज सत्तर. राहिलेल्या 140 खेपा दुसऱ्याच्या मालाच्या माराव्या लागतात, म्हणजे वर्षभर आठवड्याला तीन तरी. आणि टोमॅटो काही वर्षभर निघत नाही. हंगामात सगळ्यांच्याच गाड्या भरलेल्या असतात आणि मोकळ्या दिवसांत सगळ्यांच्याच मोकळ्या.

यात चालवणाऱ्याची मजुरी धरलेलीच नाही. घरचा पोरगा चालवणार, असं म्हणतात. पण तोच पोरगा दुपारी तोडा करून, संध्याकाळी माल लावून, रात्री वाशीला निघाला तर दुसऱ्या दिवशी फवारणी कोण करणार? पिकअप हा पूर्ण वेळचा धंदा आहे. ज्याच्या घरात एक माणूस शेतीतून मोकळा आहे, गावात चार बागायतदारांचा माल ठरलेला आहे, त्यानं पिकअप जरूर घ्यावी. पाच वर्षांनी हप्ता संपतो, गाडी कमावती राहते, आणि अशी उभी राहिलेली घरं या पट्ट्यात कमी नाहीत. पण नुसता स्वतःचा माल वाहायला घेतलेली पिकअप हप्त्यासाठी भाडी शोधत फिरते. भाडं मिळालं नाही की मग लग्नाची वऱ्हाडं, जत्रा, देवदर्शन सुरू होतं.

हौद्यातली माणसं

11 ऑगस्ट 2025, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यातल्या पाईट इथून कुंडेश्वराच्या दर्शनाला महिला पिकअपमध्ये बसून निघाल्या होत्या. घाटाच्या चढावर गाडी मागं आली आणि खाली कोसळली. गेल्या त्यात बहुतेक बायकाच होत्या, एकाच गावच्या.

पिकअपचे मागचे पाटे दीड टन मालासाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते आदळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माणसं म्हणजे कॅरेट नाहीत, ती हलतात. वळणावर सगळी एका बाजूला कलतात, चढाला मागं सरकतात आणि गाडीचा तोल जातो. पुढच्या दोन एअरबॅगची जी सक्ती प्रवासी गाड्यांना आहे ती मालवाहूला नाही. हौद्यात तर धरायला फक्त कडा असते.

अपघातानंतरचं त्याहून कमी लोकांना माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 प्रमाणे मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस येतो. फुकट किंवा भाड्यानं बसवलेले पाहुणे, वऱ्हाडी, भाविक त्यात येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. सोळा हजारांचा थर्ड पार्टी भरला म्हणजे सगळं झालं, हा समज चुकीचा आहे. काही प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. शेवटी ओझं वावरावरच येतं. माल चढवणाऱ्या हमालांसाठी वेगळा प्रीमियम भरता येतो, तोही पॉलिसीवर लिहिलेल्या संख्येपुरताच. खुरपणीला नेलेल्या वीस बायका त्यात बसत नाहीत.

आणि घरचीच माणसं असली तरी नियम बदलत नाही. केबिनमध्ये चालवणारा आणि शेजारी एक किंवा दोन, आरसीवर असतील तेवढे. सहा माणसांचं कुटुंब सोयऱ्याकडे निघालं की तिघं पुढं आणि म्हातारी, पोरं ताडपत्रीखाली. ‘माल पण आणि माणसं पण’ म्हणतात ते प्रत्यक्षात असं असतं.

मधला रस्ता

कॅम्पर नावाची गाडी याच अडचणीसाठी आहे. दोन रांगांचं केबिन, चालवणाऱ्यासकट पाच माणसं आणि मागं साधारण एक टनाचा हौदा. माल कमी बसतो, कॅरेट पन्नासच्या आसपास. पण माणसं आत बसतात. तीही पिवळ्या पाटीचीच, म्हणून विमा, पासिंग, टोल सगळं पिकअपसारखं. विमा काढताना केबिनमधल्या माणसांचा प्रीमियम भरला आहे का आणि संख्या किती लिहिली आहे, हे पॉलिसी हातात घेऊन वाचावं. पांढऱ्या पाटीवर मिळणाऱ्या इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या पिकअप रस्त्यावर येईपर्यंत तीस लाखांच्या घरात जातात. त्यांचा विचार इथे नको.

बोलेरोच्या बाजूनंही सगळं गोड नाही. ती एक रुपया कमावत नाही, हप्ता मात्र तेवढाच. तिच्या मागच्या दोन सीट आडव्या असतात, लांबच्या प्रवासाला तिथं मोठं माणूस अवघडतं. मजबूत पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, हेही खरं नाही: तिचीच धाकटी बहीण बोलेरो निओला एप्रिल 2024 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळाला, तर स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाच. पांढऱ्या पाटीवर शाळेची पोरं भाड्यानं नेणं किंवा सीट काढून माल भरणं, दोन्ही आरटीओच्या आणि विमा कंपनीच्या नजरेत चूक. घरचे आठ-दहा कॅरेट मागची सीट दुमडून नेले तर गोष्ट वेगळी.

पाच-सहा एकरांच्या घराला हिशेबात बसतो तो तिसराच मार्ग. सत्तर खेपांचं भाडं 1,700 नं एक लाख 19 हजार होतं. हे दोन लाख दहा हजारांपेक्षा कितीतरी कमी आहे, आणि गाडी बंद पडली तर डोकेदुखी दुसऱ्याची. माल भाड्यानं पाठवावा आणि माणसांसाठी तीन-चार लाखांत चांगली जुनी कार बघावी. दारात नवी गाडी उभी राहत नाही, हे मनाला लागतं खरं. सोयऱ्याधायऱ्यांत बोललंही जातं.

जुनी घेताना, मग कार असो की पिकअप, एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून विमा आणि फिटनेस कधी संपतंय ते बघावं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. पिकअप असेल तर चालवून बघण्याआधी खाली वाकून चेसी बघावी. ओव्हरलोड ओढलेल्या गाडीच्या पाट्यांच्या बैठकीजवळ वेल्डिंगचे डाग सापडतात. नाव आपल्या नावावर होईपर्यंत गाडीनं काही केलं तर नोटीस जुन्या मालकाला जाते, म्हणून विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. ती नसेल तर का नाही ते विचारावं.

आणि ट्रायलला एकट्या पोरानं जाऊ नये. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला सोबत नेऊन एकदा गाडीत चढवून बघावं. बोलेरोची पायरी उंच आहे, पिकअपचं केबिनही उंचच. पाठीला बाक लागला की नाही, पाय मोकळा सुटतो का, हे तिथंच कळतं, आणि ते तिलाच विचारावं लागतं.